श्रीसंत गोरोबाकाकांचे दुःख

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. आपल्या वारकरी मंडळींना ते तेरढोकी या नावाने ठाऊक आहे. चैत्र वद्य पक्षात, ऊन डोक्यावर तापत असताना, पायाला चटके देणाऱ्या वाटेने दिंड्या या गावी येतात आणि श्रीसंत गोरोबाकाकांच्या समाधीपुढे माथा टेकतात. शेजारीच काळेश्वराचे देवालय आहे आणि समोर तेरणेचे पात्र. उन्हाळ्यात नदीला पाणी कमीच असते, पण यात्रेकरूच्या मनाला तेवढेही पुरते.

गाव फार प्राचीन. दोन हजार वर्षांपूर्वी याचे नाव तगर असे होते, आणि येथले कापड पैठणच्या मालाबरोबर गाड्यांनी भडोच बंदराकडे जात असे, असे परदेशी व्यापाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. पाऊस पडून गेला की त्या पांढरीतून जुनी खापरे, मणी, मातीच्या मूर्ती वर येतात. त्यांतल्या पुष्कळ वस्तू आज तेरच्याच संग्रहालयात नीट मांडून ठेवल्या आहेत. अशा या मातीच्या गावी भगवंताने आपला एक लाडका भक्त कुंभाराच्या घरी जन्माला घातला, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते. परंपरेप्रमाणे गोरोबांचा जन्म शके ११८९, म्हणजे इसवी सन १२६७ चा, आणि समाधी चैत्र वद्य त्रयोदशी, शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ ची. सारे मिळून पन्नास वर्षांचे आयुष्य.

गोरोबाकाकांचे चरित्र कोणाला ठाऊक नाही? ताहराबादच्या महिपतीबुवांनी इसवी सन १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तिविजयात ते विस्ताराने आले आहे, आणि गावोगावचे कीर्तनकार ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मूल चिखलात तुडवले गेले, हात तुटले, पंढरपुरात ते फुटले आणि मूल रांगत परत आले. चार वाक्यांत सगळी कथा. मग या अंकात ती पुन्हा सांगण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याचे कारण एका माउलीने आम्हाला घातलेला प्रश्न हे आहे.

इसवी सन १९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख आमच्या मुलखातला माणूस विसरणार नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे थकून निजली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, अशी लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांतली गावेच्या गावे बसली. घरे दगडमातीची, वर मातीचे जड माळवद. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या ऊनपावसापासून राखले तिच्याच खाली आठ-दहा हजार माणसे गेली. ही गावेही तेरणेच्याच खोऱ्यातली. वर तेरला गोरोबाकाकांची समाधी आणि खाली नदीच्या वाटेवर ही गावे, अशी एकाच पाण्याची ही कथा आहे.

त्या भागातली एक माउली पुढे आमच्या दिंडीत चालू लागली. तिचे नाव आम्ही सांगत नाही. तिची दोन लेकरे त्या पहाटे गेली होती. मुक्कामी कीर्तनाला ती सर्वांच्या आधी येऊन बसायची. पण गोरोबाकाकांचे आख्यान लागले, की हात तुटेपर्यंतची कथा ऐकून ती उठायची आणि पालाकडे निघून जायची. पुढचे कधी ऐकायची नाही. एका वर्षी आम्ही तिला कारण विचारले. तिने शांतपणे उलटा प्रश्न केला, की महाराज, काकांचे लेकरू परत आले, माझी का आली नाहीत? माझ्या नावात काय कमी पडले?

आम्ही तिला त्या रात्री उत्तर देऊ शकलो नाही. देवाची इच्छा, प्रारब्धाचे भोग, असे काहीतरी ओठांवर आले होते, परंतु तिच्या तोंडाकडे पाहून ते बोलवेना. पुढे पुष्कळ दिवस आम्ही ते चरित्र पुन्हा पुन्हा मनात फिरवले. तेव्हा ध्यानात आले, की आपण सगळेच या कथेत फार घाई करतो. चिखलापासून एकदम चमत्काराकडे धाव घेतो. मधले दिवस गाळतो. आणि दुःखिताला हवे असते ते त्या मधल्या दिवसांतच आहे. म्हणून आज थोडे सावकाश जाऊ.

प्रथम हे पाहावे, की गोरोबांचे घर मुळातच दुःखाचे घर होते. त्यांचे वडील माधवबुवा आणि आई रखुमाई. परंपरागत कथा अशी सांगतात, की या दांपत्याला आठ मुले झाली आणि आठही गेली. बापाने आपल्या हाताने ती काळेश्वरापाशी पुरली. पुढे पांडुरंग वेष पालटून घरी आले, त्यांनी विचारपूस केली आणि पुरलेली मुले दाखवण्यास सांगितले. त्यांतले शेवटचे बाळ देवाने जिवंत करून आईबापांच्या ओटीत घातले. गोरीतून, म्हणजे पुरलेल्या जागेतून, वर काढला म्हणून त्याचे नाव गोरा. कथेकडे कोणी कसेही पाहो, तिच्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. लोकांनी या भक्ताचे नावच मृत्यूच्या कुशीतून काढले आहे. ज्याने आठ लेकरे पुरली त्या बापाचा हा मुलगा. आई पाळण्याकडे किती भीत भीत पाहात असेल, हे आयाबायांना सांगावे लागत नाही.

पुढे गोरोबा मोठे झाले, वडिलांचा धंदा हाती घेतला, संतीशी लग्न झाले, घरात मूल आले. कुंभाराचे काम म्हणजे रोजचा देहदंड. माती खणून आणायची, वाळवायची, फोडायची, चाळायची, तिच्यात राख किंवा लीद मिसळून ती भिजत घालायची आणि मग ती पायांनी तुडवायची. लोण्यासारखी मऊ होईपर्यंत तुडवायची. खडा राहिला तर चाकावर बोटाला लागतो आणि आव्यात मडके तडकते. हे काम तासन्‌तास चालते, आणि पायाला लय सापडली की मनही लयीत जाते. गोरोबांच्या मुखी विठ्ठलनाम होते. पाय मातीत आणि मन पंढरीत, अशी त्यांची अवस्था व्हायची.

एके दिवशी संती पाण्याला निघाली. मूल अंगणात खेळत होते. जाताना तिने पोराकडे लक्ष ठेवायला नवऱ्याला सांगितले. गोरोबांनी ते ऐकले की नाही कोण जाणे. ते भजनात रंगले होते. मूल बापाला पाहून रांगत रांगत आले आणि चिखलात उतरले. पुढचे लिहिताना हात जड होतो. संती घागर घेऊन परतली, तिने मुलाला हाका मारल्या, अंगण पाहिले, घर पाहिले, आणि मग तिची नजर त्या मातीकडे गेली. माती लाल झाली होती.

तिने फोडलेल्या हंबरड्याने गोरोबा भानावर आले. संतीने नवऱ्याला बोल लावला, आणि नवऱ्याच्या विठ्ठलालाही लावला. आणि हा परम भक्त काय करतो? तो रडत नाही, क्षमा मागत नाही. देवाला बोल लावला म्हणून हातात येईल ते उचलून बायकोच्या अंगावर धावून जातो. तेव्हा संतीने त्याला विठ्ठलाचीच शपथ घातली, की माझ्या अंगाला हात लावाल तर खबरदार. विठोबाचे नाव कानी पडताच उगारलेला हात खाली आला. तो पुन्हा तिला कधी लागला नाही.

येथे आपण थांबू. बंधुभगिनींनो, पाहा, आपल्या पूर्वजांनी हे चरित्र सांगताना काहीही झाकले नाही. संताच्या हातून, किंबहुना संताच्या पायाखाली, त्याचेच मूल गेले, आणि तेही नामस्मरण चालू असताना. संप्रदायाला हे लपवता आले असते. साप चावला, ताप आला, असे काहीही सांगता आले असते. पण ते तसेच ठेवले. यातून पहिला बोध आम्ही असा घेतो, की भक्ती हे अपघातापासूनचे चिलखत नव्हे. आणि दुसरा बोध जरा कडू आहे. नामात रंगलेल्या माणसानेही अंगणातल्या लेकराकडे पाहिले पाहिजे. आपला वारकरी धर्म प्रपंच टाकून रानात जाण्याचा नाही. सावता माळ्यांनी मळ्यात, नरहरी सोनारांनी पेढीवर, जनाबाईंनी जात्यावर देव पाहिला. मग रांगत येणारे लेकरू हे काय विठ्ठलाचे रूप नव्हते? गोरोबांना हा प्रश्न पुढे आयुष्यभर टोचला असला पाहिजे. त्यांचे पुढचे वागणे पाहिले म्हणजे तसे वाटते.

तिसरी गोष्ट संतीची. तिने देवाला शिव्याशाप दिले. कीर्तनात कधी कधी तिला कजाग ठरवून लोकांना हसवले जाते. ते आम्हाला मुळीच आवडत नाही. पोटचा गोळा गेलेली आई देवाशी भांडणार नाही तर कोणाशी भांडेल? आणि कथेच्या शेवटी देव कोणाचे मागणे ऐकतो ते पाहा. मूल मागते ती संती. देव तिच्यावर रागावलेला नाही. जी माणसे दुःखाच्या भरात देवाला दोष देतात त्यांना पापी म्हणण्याचा अधिकार आपल्याला या चरित्राने दिलेला नाही.

त्यानंतर ते मधले दिवस सुरू झाले. एका घरात दोन माणसे, दोघांचे एकच दुःख, आणि मध्ये शपथेची भिंत. तो तिला स्पर्श करीत नाही, ती त्याच्याशी मन मोकळे करीत नाही. ज्यांच्या घरातले मूल गेले आहे त्यांना ही भिंत ओळखीची वाटेल. मूल गेले की पुष्कळदा नवरा-बायको एकमेकांजवळ येण्याऐवजी दूर जातात. एक जण कामात तोंड खुपसतो, दुसरी आतल्या आत जळते. शपथ कोणी घातलेली नसते, तरी ती असतेच. गोरोबा कामाला लागले. माती पुन्हा तुडवली असेल. ज्या पायांनी लेकरू गेले त्याच पायांनी पुन्हा चिखलात उतरणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. पण पोट आहे, गिऱ्हाईक आहे, गावाला मडकी हवी आहेत. कामाने दुःख जात नाही, परंतु दिवस जातो. कधी कधी तेवढेच पुरेसे असते.

वंश पुढे चालावा म्हणून संतीने आपली धाकटी बहीण रामी हिचे लग्न गोरोबांशी लावून दिले. त्या काळी अशी चाल होती. आज आपण तसे करणार नाही, आणि त्या पोरीच्या मनाचा कोणी विचार केला नाही हेही खरे. लग्नात सासऱ्याने जावयाला सांगितले, की दोघींना सारखे वागवा. गोरोबांनी ते शब्दशः घेतले. थोरलीला स्पर्श नाही, म्हणून धाकटीलाही नाही. घरात आता दोन दुःखी बायका झाल्या. अखेर एका रात्री दोघी बहिणींनी गोरोबा झोपेत असताना त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले. जाग आल्यावर गोरोबांना वाटले, की आपली शपथ मोडली. दोष हातांचा म्हणून त्यांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले.

कुंभाराचे हात! ज्यांच्यावर घर चालते, ज्यांनी टाळी वाजवायची, ज्यांनी आषाढीला देवाचे चरण धरायचे ते हात. कीर्तनकार येथे निष्ठेचे कौतुक करतात. निष्ठा होतीच. पण आम्हाला त्या कृतीत आणखी काही दिसते. शपथ केवळ निमित्त असावी. मूल गेल्या दिवसापासून या माणसाने स्वतःला क्षमा केलेली नव्हती. पाय दोषी होते, शिक्षा हातांना झाली. ज्याच्या चुकीने आपले माणूस गेले तो अशीच स्वतःला कुठे ना कुठे कापीत असतो. कोणी जेवण सोडतो, कोणी माणसांत जाणे सोडतो, कोणी वारी सोडतो. त्याला तो प्रायश्चित्त म्हणतो.

पण देवाने त्याचे हात मागितलेच नव्हते. ही गोष्ट अधोरेखित करण्यासारखी आहे. पांडुरंगाने हात तोडले म्हणून गोरोबांना दर्शन दिले, असे कथा सांगत नाही. उलट देव धावून आला तो कामाला. लोककथेप्रमाणे साक्षात विठ्ठल कुंभार होऊन तेरला आले, रखुमाईसह गोरोबांच्या घरी राहिले, आणि भक्ताचे थांबलेले चाक देवाने फिरवले. दुःखिताच्या दारी जाताना काय न्यावे हे देवाने येथे दाखवून दिले. त्याने उपदेश नेला नाही. त्याने माती कालवली, मडकी घडवली, आवा लावला. शेजाऱ्याच्या घरी मूल गेले असेल तर आपण ज्ञान सांगण्यापेक्षा त्याच्या शेताला पाणी द्यावे, त्याच्या गुरांना चारा घालावा, दोन भाकरी थापून न्याव्या. हा विठोबाचाच मार्ग आहे.

मग आषाढी आली. गोरोबा दोघी बायकांसह पंढरपुरास गेले. हात नसलेला कुंभार आणि त्याच्या बाजूला दोन उदास स्त्रिया. हे तिघे वाळवंटातून चालताना लोकांनी कसे पाहिले असेल? पण ते गेले. घरी बसले नाहीत, हे महत्त्वाचे. नामदेवरायांचे कीर्तन चालले होते. सकळ संतमंडळी बसली होती. नामदेवांनी सर्वांना टाळी वाजवायला, हात वर करायला सांगितले. सर्वांचे हात वर गेले. आणि गोरोबांनीही आपले थोटे हात वर केले.

आम्हाला विचाराल तर खरा चमत्कार या क्षणी झाला. हात फुटण्याच्या आधी झाला. इतके दिवस जे थोटेपण त्यांनी शिक्षा म्हणून मिरवले, ते त्यांनी सर्व लोकांच्या देखत, लाज न धरता, देवापुढे वर केले. आपल्या उणिवेसह ते गजरात सामील झाले. आणि मग त्या थोट्या हातांना पंजे फुटले, अशी कथा आहे. एकांतात, काळोखात तोडलेले हात कीर्तनाच्या गर्दीत परत आले. एकट्याने जखम करून घेता येते, भरून यायला मात्र चार माणसे लागतात. आपली वारी, आपली दिंडी, आपला फड याच कामासाठी आहे असे आम्ही म्हणतो.

तेव्हा संती पुढे झाली आणि तिने आपले मूल मागितले. आणि मूल रांगत तिच्याकडे आले. देवाने शपथेतूनही गोरोबांना मोकळे केले. नवराबायकोमधली भिंत पडली.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. तिची लेकरे का आली नाहीत? आम्ही येथे कोणालाही खोटी आशा दाखवणार नाही. गेलेले मूल त्या रूपात परत येत नाही. तिच्या नावात काही कमी होते म्हणून नव्हे. तुकोबारायांच्या घरी इसवी सन १६३० च्या आसपासच्या दुष्काळात पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, थोरला मुलगा गेला. ती दोघे परत आली नाहीत. तुकोबांच्या नावात काही कमी होते असे कोण म्हणेल? त्यांनी काय केले? कर्जाची खते वाटून घेऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली आणि देहूचे पडके देऊळ उभे केले. दुसऱ्याच्या मानेवरचे ओझे उतरवून त्यांनी आपले दुःख वाहिले.

आणि गोरोबाकाकांचे तरी पुढचे आयुष्य नुसत्या आनंदाचे गेले काय? तारखा पाहा. शके १२१७ मध्ये अरणला सावता माळी गेले. शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ च्या कार्तिकात, ज्ञानोबामाउलींनी आळंदीस समाधी घेतली. लगेच मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव. पुढल्या वर्षी मुक्ताबाई, मग निवृत्तिनाथ. दीड-दोन वर्षांत ज्यांच्या संगतीत सोन्याचे दिवस गेले ती सारी मंडळी गेली, आणि तीही वयाने लहान. गोरोबा मागे वीस वर्षे राहिले. एक लेकरू गमावलेल्या माणसाने ही इतकी जाणी पाहिली. पण या वेळी त्यांनी हात तोडले नाहीत. पहिल्या दुःखाने जे शिकवले ते दुसऱ्या दुःखात कामी आले, असे आम्हाला वाटते.

आता त्यांचे नाव पाहा. सर्व संत त्यांना काका म्हणत. वय पाहावे तर परंपरेच्या हिशेबाने नामदेवराय त्यांच्याहून तीनच वर्षांनी लहान. माउलींनी समाधी घेतली तेव्हा गोरोबा अवघे एकोणतीस-तीस वर्षांचे. या वयाच्या माणसाला कोणी काका म्हणते काय? सर्वांत वडील म्हणून म्हणत, हे खरे. पण वडीलपण नुसत्या वर्षांनी येत नाही. ज्याच्या घरातले मूल गेले तो सगळ्या संतांच्या मुलांचा काका झाला. आईबापांवाचून वाढलेली ती आळंदीची चार भावंडे तेरला येत, तेव्हा त्यांना एक वडीलधारे घर मिळत असे. रिकामी झालेली मांडी अशी भरली. देवाने मूल परत दिले या गोष्टीचा एक अर्थ आम्ही असाही लावतो.

तेरच्याच अंगणातली दुसरी कथा सर्वांना पाठ आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. गोरोबांनी सांगितले, की याने मडके पक्के की कच्चे ते समजते. मग आमचीही मडकी पारखा, असे तिने म्हणताच काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले, दुखावले. काकांनी निकाल दिला, की हे मडके कच्चे आहे. नामदेव रडत पंढरीस गेले, आणि देवाने त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवले.

या कथेत नामदेवांची थट्टा आहे असे समजू नये. कुंभाराच्या तोंडी कच्चे हा शब्द शिवी नाही. कच्चे मडके म्हणजे अजून आव्यात न गेलेले मडके, इतकेच. आणि आव्याची धग काय असते हे त्या बैठकीत गोरोबांइतके कोणाला ठाऊक होते? आता ही कथा आणि पंढरपूरची कथा शेजारी शेजारी ठेवा. ज्या नामदेवांना काकांनी कच्चे म्हटले त्याच नामदेवांच्या कीर्तनात काकांचे हात परत आले. पारखणारा आणि पारखला गेलेला, दोघांनीही एकमेकांना काही दिले. परमार्थात कोणीही इतका पक्का नसतो, की त्याला दुसऱ्याच्या कीर्तनाची गरज पडू नये. म्हणूनच की काय, काकांचे जे सुमारे वीस अभंग आज मिळतात त्यांतले बरेच नामदेवांनाच उद्देशून आहेत. ते निर्गुणाच्या अनुभवाचे आहेत, शांत आहेत. चिखलातला आक्रोश त्यांत ऐकू येत नाही. तो जिरून त्याची शांती झाली आहे.

हे सारे आम्ही त्या माउलीला पुढल्या वारीत, वाटेने चालता चालता सांगितले. चमत्काराबद्दल काही सांगितले नाही. मधल्या दिवसांबद्दल सांगितले, थोटे हात वर केल्याबद्दल सांगितले, काका या नावाबद्दल सांगितले. ती काही बोलली नाही. पदराने तोंड पुसून चालत राहिली. त्या रात्री गोरोबांचे आख्यान नव्हते, त्यामुळे ती बसली की उठली हे सांगण्यासारखे नाही. मात्र त्या वर्षापासून आमच्या दिंडीतल्या बायका आपली लहान मुले विसाव्याला तिच्याजवळ सोपवून निवांतपणे अंघोळीला जाऊ लागल्या, आणि मुले तिला मावशी म्हणू लागली. आणि एका चैत्रात, तेरला समाधीपुढे कीर्तन चालले असता, ती शेवटपर्यंत बसली. हात वर करण्याची वेळ आली तेव्हा आम्ही मुद्दाम तिच्याकडे पाहिले नाही. तिच्या मांडीवर कोणाचे तरी पोर झोपले होते.

दुःख भोगणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना एवढेच सांगणे, की तेरला या. चैत्र वद्यात नाही जमले तर केव्हाही या. गावात काकांचे घर दाखवतात, ते पाहा. ज्या घरात लेकरू गेले त्याच घरात पुढे सकळ संत जेवले, बसले, बोलले. मग नदीकाठी समाधीपाशी जा. हात वर करा. ते कसेही असोत, वर करा.

रामकृष्णहरि.